सतरा की एकवीस?

‘लायब्ररी’ हा शब्द कानावर पडला की मराठीच्या अध्यापकाच्या डोळ्यांपुढे कपाटे, दाखल नोंदवही आणि कार्डावर तारखेचा शिक्का उठवणारे ग्रंथपाल उभे राहतात. संगणकाच्या जगात हाच शब्द एका अगदी वेगळ्या वस्तूसाठी रूढ आहे आणि वरवर पाहता दोहोंचा संबंध नावापुरताच दिसतो. बारामती आणि इंदापूर यांच्या दरम्यान मध्यंतरी ज्या काही खेपा मला घालाव्या लागल्या, त्यांनंतर माझे मत बदलले आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने या दुसऱ्या लायब्ररीची थोडी ओळख करून घ्यावी, असे आता मला आग्रहाने वाटते. आपण पडद्यावर काय वाचतो एवढेच नव्हे, तर एखाद्या चरणात किती अक्षरे आहेत, हेसुद्धा आपल्या नकळत तीच ठरवू लागली आहे.

ही वस्तू काय आहे ते आधी सांगितले पाहिजे. संगणकावरचा कोणताही प्रोग्रॅम आपली सगळी कामे स्वतः करत नाही. पडद्यावर अक्षर काढणे, फाइल उघडणे, शब्द कोठे तोडावा हे ठरवणे, अशी कितीतरी कामे सर्वच प्रोग्रॅमांना लागतात. ती प्रत्येकाने नव्याने लिहिण्याऐवजी एकदाच लिहून एका फाइलीत ठेवायची आणि ज्याला गरज असेल त्याने चालू होण्याच्या क्षणी ती मागून घ्यायची, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून तिला सामायिक लायब्ररी म्हणतात. लिनक्सवर अशा फाइलीच्या नावात ‘एसओ’ ही अक्षरे असतात, विंडोजवर तिला ‘डीएलएल’ म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत घडवलेल्या मल्टिक्स या प्रणालीत ती होती. घरोघर विश्वकोशाचा संच घेण्याऐवजी गावच्या वाचनालयात एक संच ठेवावा, तसेच हे. जागा वाचते, आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्वांना मिळते.

या सोयीची एक किंमत मात्र आहे. सामायिक लायब्ररीवर विसंबणारा प्रोग्रॅम स्वतःपुरता पूर्ण नसतो. त्याच्या पोटात काही नावे रिकाम्या जागांसारखी असतात आणि त्या जागा तो ज्या यंत्रावर चालतो तेथे, चालू होण्याच्या क्षणी भरल्या जातात. लेखकाच्या टेबलावर जे सुरळीत चालले ते वाचकाच्या घरी बिघडू शकते, आणि बिघाडाचे कारण लेखनात सापडत नाही. संहिता तीच, पण तिचा अर्थ पुरा करणारे भोवतालचे जग वेगळे, हा प्रकार साहित्याच्या वर्गात आपल्याला नवा नाही.

आमच्या पिढीने हे अनुभवलेही आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत विंडोज एक्सपी असलेल्या सायबर कॅफेत युनिकोडमधला मराठी मजकूर उघडला की कित्येकदा पऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे न येता पलीकडे जाऊन बसे, जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त उघडे पडत किंवा नुसत्या चौकटी दिसत. मजकुरात दोष नसे. जोडाक्षरांच्या लिप्या नीट मांडणारी लायब्ररी त्या यंत्रावर कोणीतरी वेगळी खूण करून बसवावी लागे आणि कॅफेवाल्याला त्याची गरज वाटलेली नसे. पुढे ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, आणि तेही मराठीसाठी. त्यानंतर कितीतरी दिवस जुन्या फॉन्टांच्या यंत्रांवर ‘ॲ’ च्या जागी चौकट दिसत राहिली. मात्र या सर्व बिघाडांत एक प्रामाणिकपणा होता. ते डोळ्यांना दिसत. मला ज्याविषयी लिहायचे आहे तो बिघाड दिसत नव्हता.

बारामती हे मोरोपंतांचे गाव. १७२९ साली पन्हाळ्याला जन्मलेला हा कवी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी राहिला आणि १७९४ साली येथेच वारला. त्यांची आर्या सर्वांना ठाऊक आहे. ‘केकावली’ मात्र पृथ्वी वृत्तात आहे. ज, स, ज, स, य हे पाच गण, मग एक लघु व एक गुरू, म्हणजे चरणात १७ अक्षरे आणि आठव्या अक्षरावर यती. इंदापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने एम. ए. च्या लघुप्रबंधासाठी या वृत्तयोजनेचा विषय घेतला होता. जोडीला तिने आपल्या आजीकडून व गावातील इतर बायकांकडून उतरवलेल्या जात्यावरच्या ओव्याही ठेवल्या होत्या. पंतांची संस्कृतप्रचुर, मोजूनमापून बांधलेली रचना आणि बोलीतली सैल ओवी या दोहोंतील अक्षरांची वाटणी ताडून पाहावी, असा तिचा साधा पण चांगला विचार होता.

मोजणीसाठी आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. माझ्या घरच्या यंत्रावर तो उत्तम चाले. इंदापूरच्या ज्या विभागात ती काम करत होती तेथील यंत्रावर तो बसवला, तेव्हा आयकॉनवर डबल क्लिक केल्यास काहीच घडेना. टर्मिनल उघडून तेथून नाव टंकले की मात्र तो चालू होई. ‘टर्मिनलवरून चालतो, तेथूनच चालवावा’ असा तोडगा तेथे रूढ झाला. अर्धवट बिघडलेल्या वस्तूशी आपण सगळेच असे जमवून घेतो. दार जरा उचलून लावावे लागते, एवढेच.

मग कोष्टके आली. ओव्यांचे आकडे बरोबर होते. ‘केकावली’ त मात्र १७ अक्षरांचे चरण फारच थोडे निघाले. कोठे १९, कोठे २०, कोठे २१. विभागातल्या एका ज्येष्ठांनी निष्कर्ष काढला की टंकलेली प्रत सदोष असावी, नाहीतर छापील आवृत्तीच भ्रष्ट असावी, आणि प्रबंधात तसे नमूद करावे. विद्यार्थिनीचे म्हणणे वेगळे होते. तिने फोनवर मला जे सांगितले ते जवळजवळ तिच्याच शब्दांत देतो : “सर, बोटांवर मोजले की सतराच येतात. म्हणून पाहिले तरी सतराच. पण बोटांचे कोष्टक प्रबंधाला जोडता येत नाही म्हणतात.”

या वाक्याने मी अस्वस्थ झालो. दोनशे वर्षांहून अधिक काळ कीर्तनकारांनी आणि पंतोजींनी कानाने तोललेली रचना एका यंत्राच्या साक्षीवर भ्रष्ट ठरत होती, आणि ज्या मुलीचा कान शाबूत होता तिला तो झाकून ठेवायला सांगितले जात होते. कान चुकत नाही असे माझे म्हणणे नाही. पण दोन साक्षी जुळत नसतील तर दोघींचीही उलटतपासणी व्हायला हवी. येथे एकीचीच झाली होती.

भवानीनगर, निमगाव केतकी असे करत बसने इंदापूर गाठले. जाताना कोष्टकाची छापील प्रत वाचत होतो. पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी : जादा अक्षरे वाटेल तशी येत नव्हती. ज्या चरणात जोडाक्षर नाही तेथे आकडा बरोबर होता. जेथे दोन व्यंजने जुळली तेथे एक जादा, जेथे तीन जुळली तेथे दोन. म्हणजे चरणातील हलन्त मोजावेत तेवढी चूक. बोलीतल्या ओव्या का सुटल्या याचा उलगडा येथेच झाला. त्यांत जोडाक्षरे जवळजवळ नव्हती. चूक फक्त संस्कृत पेहरावातल्या शब्दांना धरत होती, आणि पंतांच्या घरी त्यांची वाण नाही.

आता प्रश्न असा की कोणीतरी ‘क्ष’ ला दोन अक्षरे का मानावे? याचे उत्तर प्रमाणातच आहे. वाचकाला जे एक अक्षर म्हणून जाणवते त्याची सीमा कोठे धरावी याचे नियम युनिकोडने घालून दिले आहेत, आणि अक्षरे तोडणाऱ्या लायब्रऱ्या त्या नियमांची कोष्टके पोटात बाळगतात. फार वर्षे हा नियम देवनागरीसाठी हलन्तापाशी तुटत असे. ‘क्षत्रिय’ हा शब्द क्, ष, त्, रि, य असा पाच तुकड्यांचा ठरे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीने देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांसाठी नवा नियम घातला व हलन्ताने जोडलेली व्यंजने एकत्र धरली. आता तोच शब्द क्ष, त्रि, य असा तीन अक्षरांचा होतो. पहिलीतले मूल जे टाळ्या वाजवून सांगते ते प्रमाणग्रंथात यायला २०२३ साल उजाडावे लागले, याची मौज वाटते. पण तो विषय वेगळा.

तर एका यंत्रावर नवी कोष्टके आणि दुसऱ्यावर जुनी, एवढाच हा भेद असेल असे मला वाटले. प्रत्यक्षात तसे नव्हते. प्रोग्रॅम बसवणाऱ्याने इंदापूरच्या यंत्रावर नवी लायब्ररी स्वतः घडवून ठेवलेली होती. ती जागेवर होती. फाइल उघडून तारीखही पाहिली. वस्तू घरात आहे, आणि तरी मिळते ती दुसरीच.

येथे शोधाचा क्रम समजून घ्यावा लागतो. प्रोग्रॅम चालू होताना लायब्ररीचे फक्त नाव सांगतो, ठिकाण सहसा सांगत नाही. नावावरून ठिकाण शोधण्याचे काम लिनक्सवर एक छोटा दुवा-प्रोग्रॅम करतो. वाचनालयातल्या शिपायासारखा तो आधी वाचकाच्या हातातली चिठ्ठी पाहतो : ‘एलडी लायब्ररी पाथ’ या नावाने कोणी काही कपाटे सुचवली आहेत का? सुचवली असतील तर पहिल्याने तेथे जातो. नसतील तर दाखल नोंदवही पाहतो. ही नोंदवही ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की नव्याने लिहिली जाते; एरवी ती जुनीच असते. शेवटी दोन-तीन ठरलेली कपाटे. प्रोग्रॅमच्या पोटातच एखादा पत्ता कोरलेला असेल तर क्रमात थोडा फरक पडतो, पण आमच्या प्रकरणात तसे काही नव्हते.

नाव आणि ठिकाण यांतला हा फरक इंदापूर तालुक्याला समजावून सांगावा लागत नाही. उजनी धरणाचे पाणी चढले तेव्हा भीमाकाठची कित्येक गावे उठली आणि नव्या गावठाणात वसली. नावे मात्र तीच राहिली. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरले की उघडे पडते आणि माणसे ते पाहायला जातात. पळसदेव म्हटल्यावर पाहुण्याने महामार्गालगतच्या वस्तीत जायचे की पाण्यातल्या देवळाकडे, हे नावावरून कळत नाही. ते सांगणारा माणूस भेटावा लागतो.

तपासणी दोन टप्प्यांत झाली. आधी आयकॉनचे कोडे घेतले. आयकॉनवरून सुरू होणारा प्रोग्रॅम बंद पडला तर त्याची तक्रार पडद्यावर येत नाही. ती प्रणालीच्या रोजनाम्यात जाऊन पडते. तेथे पाहिले तर इंग्रजीत स्वच्छ लिहिले होते की अमुक लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइल किंवा फोल्डर नाही. फाइल तर डोळ्यांसमोर ‘यूएसआर-लोकल-लिब’ मध्ये होती. मग ‘नाही’ कसे? याचा अर्थ इतकाच, की शिपायाच्या नोंदवहीत ती नाही. पुस्तक कपाटात ठेवले, दाखल करायचे राहिले. प्रशासकाच्या अधिकाराने ‘एलडीकॉन्फिग’ ची आज्ञा दिली, आणि आयकॉन चालू लागला. ‘केकावली’ चा पहिला चरण मोजला : १७.

विद्यार्थिनीने लगेच सवयीने टर्मिनल उघडून तोच चरण मोजला. उत्तर वेगळे. चार हलन्त असलेला एक चरण मुद्दाम घेतला. आयकॉनवरून १७, टर्मिनलवरून २१. एकच यंत्र, एकच प्रोग्रॅम, एकच मजकूर, आणि केवळ कोणत्या दारातून आत आलो यावर उत्तर ठरते. तेथे जमलेल्या मंडळींत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

दुसरा टप्पा त्यामानाने लहान होता. ‘एलडीडी’ ही आज्ञा एखाद्या प्रोग्रॅमला कोणत्या लायब्रऱ्या लागतात आणि त्या या क्षणी कोठून मिळतात याची यादी देते. टर्मिनलवर ती दिली तेव्हा आमच्या लायब्ररीपुढे एका भलत्याच फोल्डरचा पत्ता दिसला. आणखी खात्रीसाठी ‘एलडी डीबग’ हा पर्याय ‘लिब्ज’ या शब्दासह चालू केला. मग शिपाई आपल्या शोधाची रोजनिशीच लिहून देतो : अमुक शोधतो आहे, अमुक वाटेने जातो आहे, या फाइलीचा प्रयत्न करतो आहे. पहिल्याच प्रयत्नात त्याला हव्या त्या नावाची फाइल त्या भलत्या फोल्डरात सापडत होती, आणि एकदा सापडल्यावर पुढे शोधायचे कारण उरत नव्हते.

ते फोल्डर कोणाचे? काही वर्षांपूर्वी विभागात जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम झाले होते. त्यासाठी आणलेला प्रोग्रॅम आपल्या सर्व लायब्रऱ्या स्वतःबरोबर एका फोल्डरात घेऊन आला होता, आणि तो चालावा म्हणून कोणीतरी टर्मिनलच्या ‘बॅश-आरसी’ या आरंभ-फाइलीत एक ओळ लिहून ठेवली होती : लायब्ररी शोधताना आधी या फोल्डरात पाहावे. काम संपले, माणसे बदलली, ओळ राहिली. ती फाइल टर्मिनल उघडताना वाचली जाते. आयकॉनवरून चालू होणारे प्रोग्रॅम त्या वाटेने येत नाहीत. म्हणून आयकॉनला खरी लायब्ररी नोंदीअभावी मिळत नव्हती आणि टर्मिनलला चिठ्ठीमुळे जुनी मिळत होती. एका बिघाडाने खऱ्याची वाट अडवली होती, दुसऱ्याने तोतयाला पुढे केले होते, आणि दोन्ही मिळून ‘टर्मिनलवरून चालतो’ असा दिलासा देत होते.

दोन्ही फाइलींची नावे एकच होती, आणि नावामागचा मुख्य क्रमांकही एकच. यात कोणाचा लबाडपणा नाही. संकेत असा आहे की जुने प्रोग्रॅम मोडतील असा बदल झाला तरच हा क्रमांक वाढवायचा. आतली कोष्टके नवी झाली, पण विचारण्याची पद्धत तीच राहिली, तर क्रमांक तोच ठेवतात. छापखान्याच्या भाषेत बोलायचे तर आवृत्ती तीच, पुनर्मुद्रण वेगळे, आणि पुनर्मुद्रणात मजकुराची दुरुस्ती झालेली. ग्रंथसूचीत ज्याने केवळ ‘दुसरी आवृत्ती’ लिहिले त्याला आपल्या हातात कोणती प्रत होती हे पुढे सांगता येणार नाही.

येथे मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण झाली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक एखादा श्लोक पाहताना ‘हा सुंदर आहे का’ असे आधी विचारत नसत. ‘हा कोणत्या पोथ्यांत आहे आणि तेथे कोठून आला’ असे विचारत. प्रत्येक पाठाला वंशावळ असते आणि ती कळल्याविना त्याचा निवाडा करता येत नाही. सामायिक लायब्ररीच्या बिघाडाची तपासणी हीसुद्धा पाठचिकित्साच आहे. ‘आहे की नाही’ हा प्रश्न तेथे अपुरा पडतो. फाइल होती, दोनदा होती. ‘उत्तर काय आले’ हाही अपुरा. २१ हे उत्तर ठामपणे आले होते. ‘हे उत्तर कोठून आले’ हा प्रश्न विचारला तेव्हाच वाट दिसली. इंदापूरला तो प्रश्न मोरोपंतांना विचारला गेला, छापखान्याला विचारला गेला, त्या मुलीच्या बोटांना विचारला गेला. यंत्राला विचारायचे तेवढे राहिले होते, कारण यंत्र एकच उत्तर पुन्हापुन्हा देत होते आणि सातत्याला आपण खरेपणा समजतो.

जी वस्तू सापडत नाही ती निदान ओरडून सांगते. जी चुकीची वस्तू बरोबर नावाने सापडते ती काहीच सांगत नाही, आणि तिच्यावर उभारलेले निष्कर्ष सुबक दिसतात. साहित्यसंशोधनात संगणकाची मोजणी आता सर्रास येऊ लागली आहे. शब्दांची वारंवारता, वाक्यांची लांबी, अक्षरसंख्या यांची कोष्टके जोडली की प्रबंधाला वजन येते. त्या प्रत्येक आकड्यामागे अशी एखादी चिठ्ठी कोणाच्या तरी आरंभ-फाइलीत पडलेली असू शकते.

उपाय करताना एक लहान धडा मिळाला. ती ओळ आरंभ-फाइलीतून काढली तेव्हा टर्मिनलनेही १७ सांगितले. पण फॉन्ट बदलणारा जुना प्रोग्रॅम चालेनासा झाला. त्याला त्याचीच जुनी लायब्ररी हवी होती. तो विभागाला अजून लागतो. त्या काळी मराठीत टंकलेले पुष्कळ साहित्य, व्याख्यानांच्या टिपणांपासून लोकगीतांच्या संग्रहांपर्यंत, अशाच फॉन्टांत कोंडलेले आहे. तेव्हा चिठ्ठी फाडून टाकण्यात अर्थ नव्हता. ती त्या एकट्या प्रोग्रॅमच्या हातात दिली : तो सुरू करण्यासाठी दोन ओळींची वेगळी फाइल केली आणि पत्ता तिच्यातच लिहिला, म्हणजे तो त्याच्यापुरताच लागू राहील. एकाच्या सोयीसाठी केलेली तरतूद नकळत सगळ्यांचा नियम होऊन बसते, तेव्हा ती मोडावी लागत नाही. तिला तिच्या मालकापर्यंत आवरून घ्यावे लागते.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. विद्यार्थिनीने पुढचे प्रकरण आर्येवर घेतले, आणि तेथे अक्षरे मोजून भागत नाही, मात्रा मोजाव्या लागतात. पंतांची आर्या बहुतेक गीती या प्रकारची असते. १२ आणि १८ मात्रांच्या चरणांची जोडी दोनदा. आता ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्या. नव्या लायब्ररीच्या लेखी दोन्हींत दोनच अक्षरे आहेत आणि ते खरे आहे. पण ‘दर्या’ तला ‘द’ पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने गुरू होतो व शब्दाच्या मात्रा ४ भरतात. ‘दऱ्या’ त आघात नाही, ‘द’ लघूच राहतो आणि मात्रा ३ होतात. आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंक्तीत बसवू नये हे मराठी माणसाला ठाऊक असते. लायब्ररीला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक असावे असा तिचा करारही नाही. हा नियम प्रोग्रॅममध्ये कोणालातरी घालावा लागला. तो त्या मुलीने सांगितला, माजी विद्यार्थ्याने लिहिला आणि आम्ही दोन्ही यंत्रांवर पडताळला. ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो, ‘ऱ’ ला हलन्त देऊन किंवा ‘र’ आणि हलन्त यांच्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. दोन्ही तऱ्हा त्यात आल्या आहेत. बारामतीत आणि इंदापुरात आता नियमांची ती एकच फाइल वाचली जाते. तिला नाव आहे, क्रमांक आहे, आणि बदल केला तर क्रमांक वाढवायचा असे ठरले आहे.

लघुप्रबंध सादर झाला. त्याच्या परिशिष्टातील कोष्टकांखाली एक टीप आहे, आणि माझ्या मते तो त्या प्रबंधातील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद आहे. पंतांच्या रचनेची कोणती छापील आवृत्ती वापरली हे जसे तिने लिहिले, तसेच अक्षरे तोडणारी लायब्ररी कोणती, युनिकोडच्या कोणत्या आवृत्तीची कोष्टके तिच्यात आहेत आणि मोजणीच्या वेळी ती कोणत्या फोल्डरातून घेतली गेली, हेही लिहिले आहे. कोष्टकाला दोन स्तंभ आहेत. पहिल्याचे शीर्षक ‘यंत्रमोजणी’, दुसऱ्याचे ‘बोटमोजणी’. जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथे तिने ताऱ्याची खूण केली आहे, आणि अशा प्रत्येक ताऱ्यासाठी खाली एक ओळ आहे : कोणी चुकले, आणि का.